अपघाताच्या वेळी पोलिसांना बोलावलं नाही. आता कळवावं का?

कवडसा | सकाळी ११:१०

काल संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या गाडीला मागून धडक बसली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून इथे लिहिते आहे. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला विचारण्यात अर्थ नाही.

आईला तपासणीला नेलं होतं. तिचं वय ७८. परत येताना गाडी मी चालवत होते, आई मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी, मांडीवर तिची फाईल. पाऊस नुकताच थांबला होता, रस्ता ओला होता. डावीकडच्या गल्लीत वळायचं म्हणून मी वेग कमी केला, थोडी बाजूला सरकले आणि तेवढ्यात मागून धाडकन आवाज आला. धडक मागच्या डाव्या कोपऱ्यावर बसली. बंपर एका बाजूने निखळून लोंबायला लागला, मडगार्ड आत गेलं, दिवा फुटला. एअरबॅग उघडल्या नाहीत.

मागच्या गाडीतून एक मुलगा उतरला. बावीस-तेवीसचा असेल, एकटाच. हात इतके थरथरत होते की मोबाइल रस्त्यावर पडला. त्याचं पहिलं वाक्य होतं, "ताई, कोणाला लागलं का?" हे मुद्दाम सांगते, कारण काहीही ठरवायला बसले की मला तेच आठवतं. दुसरं वाक्य, "पोलिसांना नका बोलावू, पाया पडतो तुमच्या." गाडी त्याच्या मालकाची. नोकरीला लागून दोनच महिने झालेत, मालकाला कळलं तर घरी बसवेल. दुरुस्तीचा सगळा खर्च पगार झाला की देतो, लिहून देतो म्हणाला.

मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला काही झालेलं नाही. जाऊ दे त्या लेकराला." मागे गाड्या तुंबल्या होत्या, हॉर्न वाजत होते. मी हो म्हटलं. नुसतं हो नाही, "तू तुझा शब्द पाळ, मी माझा पाळते, पोलिसांत जाणार नाही" असं स्पष्ट म्हटलं. त्याने आईच्या फाईलमधल्या एका कागदाच्या मागे नाव आणि फोन नंबर लिहून सही केली. मी दोन फोटो काढले, दोन्ही आमच्याच गाडीचे. एकात त्याच्या नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे आलेत, तेही योगायोगाने. लायसन्स बघायचं सुचलं नाही. मालकाचं नाव विचारलं नाही, विम्याचं विचारलं नाही.

आज सकाळी आईची मान अवघडली आहे. डोकं दुखतंय म्हणते. "उशी बदलली म्हणून असेल" असं तिचं म्हणणं. उशी बदललेली नाही.

त्या मुलाला फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला. "ताई, मी विसरलेलो नाही," म्हणाला. त्याने फोन उचललाच नसता तर मला ठरवणं सोपं गेलं असतं.

आणखी एक गोष्ट, जी मी घरातही अजून कोणाला बोललेले नाही. वळताना मी इंडिकेटर दिला होता का? दिला असणार, हाताला सवय आहे. पण छातीठोक सांगता येत नाही. कालपासून तो क्षण इतक्या वेळा आठवून पाहिलाय की आता आठवण कुठली आणि समजूत कुठली ते मला वेगळं करता येत नाही. त्यामुळे मला पोलिसांत जायचं नाही ते त्या मुलाच्या दयेपोटी, की स्वतःवर येईल म्हणून, याचीही खात्री राहिलेली नाही.

एवढा वेळ गेल्यावर पोलिसांना कळवता येतं का? कळवावं का? दिलेला शब्द मोडणं मला फार जड जातंय.

पायवाट | सकाळी ११:३२

ताई, माझं मत स्पष्ट सांगतो. सोडून द्या. गाडीला पोचा पडलाय, तो निघेल. मुलगा फोन उचलतोय, नाकबूल जात नाही, असं माणूस दहात एक भेटतं. पोलिसांत गेलात की त्याची नोकरी जाणार आणि तुम्हालाही जबाब, कागदपत्रं, चकरा. मान अवघडणं एक-दोन दिवसांत उतरतं. शेक द्या.

रातपाळी | सकाळी ११:४१

पोलिसांचं नंतर बघू. मी तातडीच्या विभागात परिचारिका आहे, बारा वर्षं झाली. मला आधी तीन गोष्टी सांगा. आईंचं डोकं कुठे आपटलं का? त्या रक्त पातळ करणारी गोळी घेतात का? आणि सकाळपासून उलटी, जास्त झोप येणं, बोलण्यात गोंधळ, एका बाजूच्या हातापायात अशक्तपणा, यातलं काही आहे का?

मागून धडक बसली की मान झटक्याने मागे-पुढे जाते. ते दुखणं बऱ्याचदा लगेच कळत नाही, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी वर येतं. जागेवर माणूस घाबरलेला असतो, अंगात त्या वेळी दुखणं दाबून टाकणारी शक्ती असते. "मला काही झालेलं नाही" हे वाक्य आम्ही रोज ऐकतो आणि त्यावर कधीच विसंबत नाही. पायवाट, तुमचा हेतू चांगला आहे, पण न तपासता शेक द्या म्हणू नका.

कवडसा | सकाळी ११:५८

हात गार पडलेत हे लिहिताना. तुमचं वाचून आईला नीट खोदून विचारलं. "खिडकीच्या काचेला जरासं टेकलं होतं गं." डाव्या कानाच्या वर हात लावला तर हुळहुळतंय तिला. काल मला हे सांगितलंच नाही. आणि हो, हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून तीन वर्षांपासून रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. उलटी नाही. बोलणं ठीक. सकाळी मात्र नेहमीपेक्षा दीड तास उशिरा उठली, मी म्हटलं दमली असेल.

रातपाळी | दुपारी १२:०१

निघा. आत्ता. धागा वाचत बसू नका. गोळीचं नाव, शेवटची कधी घेतली ती वेळ आणि डोकं आपटल्याचं गेल्या गेल्या सांगा. या वयात आणि या गोळीवर कवटीच्या आत रक्त सावकाश साठू शकतं, काही जणांत तर लक्षणं दिसायला दिवस-आठवडे लागतात. म्हणून लक्षणं फारशी नसली तरी सीटी स्कॅनचा विचार करतात. गोळी तुमच्या मनाने बंद करू नका, तीही डॉक्टरांना विचारूनच.

आणि एक हात जोडून सांगते. तिथे "कसं लागलं?" विचारतील, तेव्हा "घरात पाय घसरला" असं सांगू नका. समोरच्याला वाचवायला म्हणून माणसं असं सांगतात, मी कित्येकदा पाहिलंय. त्यात डॉक्टरांची दिशा चुकते, कारण गाडीच्या धडकेत मानेला काय होऊ शकतं आणि घरात पडून काय होऊ शकतं ते वेगळं असतं. शिवाय केसपेपरवर एकदा जे लिहिलं जातं ते नंतर पुसता येत नाही. बऱ्याच ठिकाणी रस्ता अपघातातली दुखापत आली की रुग्णालयच पोलिसांना कळवतं. म्हणजे तुमचा प्रश्न कदाचित तिथेच सुटेल.

पाहणीवाला | दुपारी १:२०

धागाकर्त्या ताई रुग्णालयात असतील, परत आल्यावर वाचतील म्हणून सविस्तर लिहितो. विमा दाव्यांसाठी अपघातग्रस्त गाड्यांची पाहणी करून अहवाल लिहिणं हे माझं काम होतं. आता निवृत्त आहे.

पहिलं उत्तर: हो, आताही कळवता येतं, आणि आज संध्याकाळी सातच्या आत कळवा. अपघाताच्या जागी पोलीस बोलावणं आणि नंतर ठाण्यात जाऊन माहिती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वेळ गेली, दुसरी अजून आहे. देशोदेशी तपशील बदलतो, पण गाभा फार बदलत नाही. रस्ता वाहतुकीबद्दलचा १९६८ चा व्हिएन्ना करार आहे, त्याच्या ३१ व्या कलमात म्हटलंय की अपघातात कोणी जखमी झालं तर पोलिसांना कळवायचं आणि ते येईपर्यंत थांबायचं. किरकोळ इजा असेल आणि कोणाचीच मागणी नसेल तर देशांना यात सूट देता येते. भारताच्या मोटार वाहन कायद्याचं १३४ वं कलम इजेच्या आणि नुकसानीच्या प्रकरणांत जास्तीत जास्त २४ तासांत ठाण्यात कळवायला सांगतं. ब्रिटनच्या कायद्याचं १७० वं कलमही, जागेवर आवश्यक माहिती दिली नसेल तर, तेच २४ तास धरतं. दोन्ही कायदे १९८८ चे. उशीर का झाला तेही सांगा: जागेवर इजा कळली नव्हती, सकाळी कळली. खरं आहे तेच सांगायचंय.

पोलिसांना कळवणं म्हणजे त्या मुलाला तुरुंगात घालणं, असं आपल्या मनात कुठेतरी असतं. त्या नोंदीत प्रामुख्याने कधी, कुठे, कोणती वाहनं, कोणाला काय लागलं हे असतं. तुमचे पैसे पोलीस वसूल करून देत नाहीत, आणि नुकसानभरपाईसाठी चूक कोणाची याचा शेवटचा निकालही त्या कागदावर लागत नाही. पण तो कागद नसेल तर तीन महिन्यांनी आईंची मान आणि कालची धडक यांचा संबंध दाखवायला तुमच्याकडे फाईलमधल्या कागदामागची एक सही उरते. माझ्या हाताखालून गेलेल्या एका प्रकरणात नवरा-बायकोने जागेवरच थोडे पैसे घेतले आणि "आमची कोणतीही तक्रार राहिली नाही" असं लिहून दिलं. तिसऱ्या आठवड्यात बाईंच्या खांद्याची शस्त्रक्रिया ठरली. समोरचा माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या विमा कंपनीने तो कागद पुढे केला आणि दावा तिथेच अडला. तुम्ही असं काही लिहून दिलेलं दिसत नाही. देऊही नका.

आता तुमच्या कराराकडे बघू. तुम्ही तो केलात त्या मुलाशी. गाडी त्याची नाही, विमा त्याचा नाही. ज्याच्या नावावर पॉलिसी आहे त्या मालकाला आपल्या गाडीचा अपघात झालाय हेच माहीत नाही. पॉलिसीत साधारणपणे अट असते की घटना लवकरात लवकर कळवायची आणि कंपनीला न विचारता चूक कबूल करायची नाही किंवा परस्पर तडजोड करायची नाही. मुलाने लपवलं तर मालकाचा विमा अडचणीत येऊ शकतो, आणि मग त्या पोराच्या डोक्यावर जे येईल ते आजच्यापेक्षा कितीतरी जड असेल. तुमच्याही विमा कंपनीला आजच फोन करा, दावा करायचा की नाही ते नंतर ठरवा.

पुरावा थांबून राहत नाही. इमारतींचे कॅमेरे जुनं चित्रण पुसून त्याच जागी नवं साठवतात, कुठे काही दिवसांत, कुठे काही आठवड्यांत. तो कोपरा कोणत्या कॅमेऱ्यात येतो ते आज बघा आणि चित्रण जपून ठेवायला लेखी सांगा. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये अपघाताआधीची काही सेकंदं नोंदवणारं उपकरण असतं, पण एअरबॅग उघडली नसेल तर ती नोंद पुढच्या एखाद्या धक्क्याने पुसली जाऊ शकते. बंपर बदलून टाकायची घाई करू नका, आधी चहूबाजूंनी फोटो काढा.

इंडिकेटरबद्दल. "दिला होता" असं ठासून सांगू नका, "नव्हता" असंही नको. "आठवत नाही" हे पूर्ण उत्तर आहे. आम्ही जबाब वाचायचो तेव्हा सगळं लख्ख आठवणाऱ्या माणसापेक्षा अशा माणसावर आमचा विश्वास लवकर बसायचा.

प्रत्येक खरचट्याला पोलीस लागतात असं मी म्हणत नाही. कोणालाही लागलेलं नाही, दोघांनी नाव, पत्ता, विमा, गाडीचा क्रमांक एकमेकांना दिला, दोघांच्या कंपन्यांना कळवलं, वाद नाही, तर बऱ्याच देशांत तेवढं पुरतं. युरोपात तर त्यासाठी दोन्ही चालकांनी मिळून भरायचा एक ठरलेला नमुना आहे. त्यावर सही म्हणजे चुकीची कबुली नसते, फक्त घडलं काय त्याची नोंद असते. पण कोणाला लागलं असेल, समोरचा दारू प्यायलेला असेल किंवा पळत असेल, गाडी दुसऱ्याची असेल, किंवा दोघांची हकीकत जुळत नसेल, तिथे मी पोलिसांशिवाय हललो नसतो. तुमच्याकडे यातल्या दोन गोष्टी आहेत.

पायवाट | दुपारी १:३५

डोक्याला लागल्याचं मी सल्ला दिला तेव्हा आलं नव्हतं. माझा प्रतिसाद मागे घेतो. ताई, आईंचं कसं आहे ते कळवा.

आडवाट | दुपारी २:५०

मी त्या मुलाच्या जागी होतो. अकरा वर्षांपूर्वी. गाडी माझ्या काकांची, आणि माझ्या लायसन्सची मुदत संपून चार महिने झाले होते. मीही हात जोडले होते. समोर एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी ऐकलं. दर महिन्याला थोडे थोडे असे सात महिने मी त्यांचे पैसे फेडले, शेवटच्या हप्त्याला त्यांनी घरात बोलावून बसवलं. त्यामुळे "पोलीस नको" म्हणणारा प्रत्येक जण बुडवणाराच असतो असं कोणी म्हटलं तर मला ते लागतं.

पण हेही सांगतो. मी काहीतरी लपवत होतो. कागदपत्रं स्वच्छ असलेला माणूस इतका गयावया करत नाही. आणि ते सात महिने मी रोज या भीतीत काढले की त्या गृहस्थांना काही दुखणं निघालं तर मी काय करणार? त्यांचं औषधपाणी करायची माझी ऐपत नव्हती. माझ्या शब्दाला किंमत होती, पण पाठीशी काहीच नव्हतं. विम्याच्या पाठीशी असतं.

एकच विनंती करतो. ठाण्यात जाण्याआधी त्याला फोन करा. परवानगी मागायला नको. त्याला पोलिसांच्या फोनवरून कळू नये, एवढ्यासाठी. त्याला मालकाकडे स्वतःहून जायला एक तास मिळाला तर त्या एका तासाचा फार फरक पडतो. मला काकांना स्वतः सांगता आलं नाही, दुसऱ्याकडून कळलं, त्याची सल आजही आहे.

रातपाळी | दुपारी ३:१०

आडवाट, तुमच्या विनंतीशी सहमत. फक्त फोनवर चूक कोणाची यावर चर्चा नको. सांगायचं आणि ठेवायचं.

कवडसा | रात्री ९:४८

आत्ता रुग्णालयाच्या बाकावर बसून लिहिते आहे. सगळ्यांचे प्रतिसाद दुपारी दोनदा वाचले.

आईचा स्कॅन झाला. डोक्यात रक्तस्राव दिसत नाही. मानेच्या हाडाला काही नाही, स्नायू दुखावलेत. गोळीमुळे आज रात्री इथेच ठेवणार आहेत, दर थोड्या वेळाने येऊन नाव विचारतात, बोट धरायला लावतात, डोळ्यांत प्रकाश टाकून बघतात. घरी गेल्यावरही काही आठवडे लक्ष ठेवायला सांगितलंय. रातपाळी, तुमचं नाव मला माहीत नाही. पण तुम्ही विचारलं नसतं तर मी तिला शेक देत बसले असते.

कसं लागलं, हे दाखल करताना विचारलं. आई पटकन म्हणाली, "पडले." मी तिचा हात धरला आणि गाडीच्या धडकेचं सांगितलं. तिला राग आला. नंतर तासभर बोलली नाही माझ्याशी.

साडेचारला त्या मुलाला फोन केला. दोन ओळी पाठ करून ठेवल्या होत्या: आईच्या डोक्याला लागलंय, मी पोलिसांना कळवायला निघाले आहे, तू तोवर मालकाला सांग. एवढं बोलले आणि थांबले. तिकडून बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं, आता म्हणेल की तुम्ही शब्द दिला होता. त्याने विचारलं, "आजी शुद्धीवर आहेत ना?" मी हो म्हटलं. मग म्हणाला, "जाऊन या तुम्ही ताई," आणि फोन ठेवला. जिन्यावर बसून मी रडले, लपवत नाही.

भावाला आईजवळ बसवून पावणेसहाला ठाण्यात पोचले. पाऊण तास लागला. काय झालं, किती वाजता, कोण कुठे बसलं होतं, उशीर का. इंडिकेटरचं विचारलंच. "आठवत नाही," म्हटलं. लिहून घेणाऱ्या बाईंनी मान वर करून पाहिलं आणि तसंच्या तसं लिहिलं. जबाब वाचून दाखवला, एके ठिकाणी 'उजवी बाजू' झालं होतं, ते दुरुस्त करून घेतलं. प्रत घेतली. तिथेच दोन्ही फोटो आणि त्या सहीच्या कागदाची छायाप्रत दिली, मूळ कागद माझ्याकडेच आहे. त्या कोपऱ्यावरच्या इमारतीचा कॅमेरा गल्लीच्या तोंडावर रोखलेला आहे, तिथल्या व्यवस्थापकांना चित्रण ठेवायचं पत्र भाऊ उद्या सकाळी देईल. त्यात माझा इंडिकेटर दिसेल किंवा दिसणार नाही. जे दिसेल ते दिसेल.

शब्दाबद्दल दिवसभर विचार केला. मी तो दिला तेव्हा आम्हा तिघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं की तिला लागलंय. मी माझ्या बंपरबद्दल बोलत होते आणि तिच्या डोक्याबद्दलही शब्द देऊन बसले. तरी मोडला तो मोडलाच, त्याला दुसरं नाव देणार नाही. त्या मुलाकडून दुरुस्तीचे पैसे आता घेणार नाही, जे व्हायचं ते दोन्ही विमा कंपन्यांमध्ये होईल.

साडेसातला मालकाचा फोन आला. आवाज चढलेला होता, पण आईची चौकशी केली. "पोराने स्वतः येऊन सांगितलं," म्हणाले. विम्याची कागदपत्रं घेऊन उद्या ठाण्यात येतील. मुलाच्या नोकरीचं विचारायचं ओठांवर आलं होतं, विचारलं नाही. उद्या समोरासमोर विचारेन.

आई आत्ता जागी झाली. बोलायला लागली आहे माझ्याशी. पहिलं हेच विचारलं, की त्या लेकराने जेवलंय का काही. जाते तिच्याजवळ.